घरच्या डीटीपीच्या कामाचा बॅकअप: नॅस, क्लाउड की साधी डिस्क?

मात्रावेलांटी

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत घरूनच डीटीपी करते. पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, पत्रिका, आणि आषाढ सरला की दिवाळी अंकांची पानं. बॅकअपवरचे इथले जुने धागे वाचले, पण ते एक तर फोटोंबद्दल आहेत नाही तर कंपनीतल्या सर्व्हरबद्दल. माझं दुखणं दोन्हींच्या मधलं आहे, म्हणून नवा धागा.

मशीन एकच, विंडोज १० चं डेस्कटॉप. सी ड्राइव्हला एसएसडी, पण काम सगळं डी ड्राइव्हवर, १ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. कामाच्या फाइली ४०० जीबीच्या आसपास, शिवाय घरचे फोटो. निम्मी पुस्तकं अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात आहेत. हसू नका, आमच्याकडचे छापखाने आणि प्रकाशक अजून तेच मागतात. आणि या धंद्यात कुठलीच फाइल जुनी होत नाही. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती निघते आणि फोन येतो, "ताई, तेवढी चार पानं बदलून द्या की." फाइल माझ्याकडे असणारच, हे त्यांनी धरलेलंच असतं.

आता का सुचलं? आमच्याच लाइनमधल्या एका ओळखीच्यांकडे मागच्या महिन्यात तो खंडणीवाला व्हायरस शिरला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलर मागणारी चिठ्ठी. त्यांची बॅकअपची डिस्क मशीनला लावलेलीच होती, तीही गेली. माझीही डिस्क कायम सीपीयूच्या मागे लावलेली असते. त्यात सवड मिळेल तशी कॉपी-पेस्ट. अगदी लागतं तेवढं गुगल ड्राइव्हवर होतं, पण ते १५ जीबी केव्हाच भरले.

दुसरी भीती पाण्याची. घर गावभागात, तळमजल्यावर. सांगलीकरांना जास्त सांगायला नको.

दुकानदार म्हणतो दोन डिस्कचा नॅस घ्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं खोकं. भाचा म्हणतो सगळं क्लाउडवर टाक. आमचे हे म्हणतात चांगला पेन ड्राइव्ह घे. बजेट पंधरा हजारांपर्यंत. कुणी नीट सांगेल का?

टिंबटिंब

नॅस. विषय संपला. दोन डिस्क रेड १ मध्ये टाका, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं, एक मेली तरी दुसरी चालू राहते. घरातले सगळे फोनही त्यावरच बॅकअप घेतात. आमच्याकडे काही वर्षं बिनबोभाट चालू आहे. बजेट मात्र थोडं वाढवावं लागेल.

डे-एंड

ताई, टिंबटिंबरावांचा नॅस चांगलाच असेल, पण तुमच्या भीती बघा आणि त्याला लावून बघा. डिस्क मरणं, एवढ्या एकाच संकटाला रेड उत्तर देतं. बाकीच्यांना नाही. तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलंत तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. व्हायरसनं नॅसवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्या दोन्हीकडे कुलूपबंद. लाइट जाऊन परत येताना जो झटका बसतो तो दोन्ही डिस्कना एकाच पॉवर सप्लायमधून बसतो. आणि कृष्णामाई आत आली तर ती खोकं एक आहे की दोन, हे बघत नाही. नॅसमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय असते हे मला ठाऊक आहे, पण ती नीट लावून तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस घरात लागतो.

शिवाय इंटरनेटला जोडलेलं यंत्र म्हटलं की त्याची अद्ययावत सॉफ्टवेअरं आली. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह नावाच्या घरगुती नेटवर्क डिस्क जगभर बाहेरून कुणीतरी रिकाम्या केल्या. कंपनीनं त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर २०१५ नंतर सुधारलंच नव्हतं. डिस्क ठणठणीत, आतला माल गायब.

मी एका सहकारी बँकेच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागातून निवृत्त झालो. नव्वदच्या दशकात डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करणं, झाल्याशिवाय शाखेतून हलायचं नाही, आणि डे-एंडचं शेवटचं काम म्हणजे कॅसेट काढणं. डॅटची कॅसेट, म्हणजे डेटा साठवायची फीत, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. प्रत्येक वाराची वेगळी, आठवडाअखेरची वेगळी, महिनाअखेरची तर कपाटात वेगळ्या कप्प्यात. सकाळी शिपाई ती पिशवीत घालून दुसऱ्या शाखेत पोचवायचा आणि तिथल्या रजिस्टरवर सही घेऊन यायचा. तेव्हा हे सगळं कटकटीचं वाटायचं, पण आज घरच्या बॅकअपबद्दल लोक जे काही सांगतात ते सगळं त्या पिशवीत होतं: तारखांप्रमाणे वेगवेगळ्या प्रती, मशीनपासून सुटी केलेली प्रत, आणि दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत.

एका शाखेचं मशीन बसलं तेव्हाची गोष्ट सांगतो. कॅसेटी सगळ्या हजर, रजिस्टरवर सह्या हजर, रोजच्या रिपोर्टवर 'यशस्वी' छापलेलं. दुसऱ्या शाखेच्या ड्राइव्हमध्ये मात्र एकही कॅसेट वाचली जाईना. पहिल्या ड्राइव्हचं हेड जागेवरून सरकलं होतं. त्यानं लिहिलेलं त्यालाच वाचता येत होतं, बाकी कुणाला नाही. शेवटी तोच ड्राइव्ह उपसून दुसऱ्या मशीनला जोडला तेव्हा खाती परत आली. त्यानंतर आमच्या साहेबांनी नियम केला की महिन्यातून एकदा कॅसेट परक्या शाखेत वाचून दाखवायची. म्हणून माझा पहिला प्रश्न 'कुठला बॅकअप घेऊ' हा कधीच नसतो. 'तो कुठल्या मशीनवर उघडून बघणार' हा असतो.

तुमच्यासाठी मी असं करीन. २ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. एसएसडी नको, कारण वीज न देता कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू उतरतो, आणि पेन ड्राइव्हचं तर नावच काढू नका (तुमच्या घरच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा). एका डिस्कवर अ, दुसरीवर आ, असं मार्करनं ठळक लिहायचं. अ घरात, पण संध्याकाळी बॅकअपपुरतीच जोडायची आणि 'सेफली रिमूव्ह' करून कपाटात. आ दुसऱ्या गावी. सांगलीतच दुसऱ्या घरी नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा या गल्लीतून त्या गल्लीत हलवून काय होणार? बँकेचा लॉकर सुचेल, पण तो तळघरात नाही ना हे आधी बघा.

तुमच्या धंद्याचा मोसम आणि पुराचा मोसम एकच आहे, हेही लक्षात घ्या. दिवाळी अंकांची पानं ज्या महिन्यांत लागतात त्याच महिन्यांत धरणांतून विसर्ग चालू असतो. त्यामुळे आ डिस्क जूनअखेर ताजी होऊन गावाबाहेर गेलीच पाहिजे. आणि पावसाळ्यातली चालू कामं, फक्त चालू, गुगल ड्राइव्हवर. जुनं तिथून काढलंत तर १५ जीबी तेवढ्याला पुरतील.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, असा जो ३-२-१ चा नियम सांगतात, तो पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केला. तुमचं गणित त्यात बरोबर बसतं.

खाडीपल्याड

काकांना +१. कॅसेटचा किस्सा भारी.

मी फ्रीमाँटला असतो, रोजचं काम सर्व्हरचंच. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत हेच झालं. एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, आणि मग लक्षात आलं की रोजचा म्हणून जो बॅकअप धरला होता तो आवृत्त्यांच्या घोळामुळे रिकामाच पडत होता. कुणीतरी योगायोगानं सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत होती म्हणून वाचले. त्यांनी स्वतःच सगळा पंचनामा जाहीर केला, म्हणून माहीत आहे.

क्लाउडबद्दल एकच गोष्ट. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह या जागा सिंक करतात. इथे पुसलं की तिथेही पुसतं. कचऱ्याच्या टोपलीत ते ३० दिवस राहतं आणि मग कायमचं जातं. दहा वर्षं जुन्या पुस्तकाचं फोल्डर चुकून उडालं तर ते ३० दिवसांत कुणाच्या ध्यानात येणार? जुन्या कामांसाठी क्लाउड घ्यायचाच असेल तर आवृत्त्या जपणारी बॅकअपची सेवा वेगळी घ्या. पहिल्या अपलोडची धास्ती नको. खरोखर ५० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर ४०० जीबीला साधारण १८ तास लागतात. रात्री लावून झोपायचं.

मात्रावेलांटी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा निरोप पोचवला. पेन ड्राइव्ह हा विषय घरात तूर्त बंद आहे.

माझी बहीण विट्याला असते. डिस्क तिच्याकडे ठेवता येईल. आमचं येणं-जाणं सणावाराला असतंच.

आता बाळबोध शंका. रोज संध्याकाळी डिस्क जोडायची म्हणजे कॉपी-पेस्टच करायचं का? विंडोजमध्ये फाइल हिस्टरी म्हणून दिसतं ते वापरू का? आणि सी ड्राइव्हचं काय? तिथे फक्त सॉफ्टवेअरं आहेत.

डे-एंड

विटा उत्तम! तिथे पुराची काळजी करायची झाली तर आधी पाणी वर चढवावं लागेल.

फाइल हिस्टरीच वापरा, अ डिस्कसाठी. ती बदललेल्या फाइलची नवी प्रत ठेवते आणि जुनी तशीच राहू देते, त्यामुळे मंगळवारी बिघडवलेलं पान सोमवारच्या रूपात परत मिळतं. एरवी ती तासातासाला चालते. डिस्क जोडलेली नसेल तर बदल तात्पुरते मशीनवरच धरून ठेवते आणि जोडली की त्यावर टाकते. पण एक खोच आहे आणि तुमच्या बाबतीत तीच महत्त्वाची. फाइल हिस्टरी आपण होऊन फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे घेते. तुमचं काम डी ड्राइव्हवर आहे, ते ती बघणारसुद्धा नाही. विंडोज १० मध्ये बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅड अ फोल्डर' आहे, तिथे कामाचं फोल्डर हातानं जोडावं लागेल. 'चालू आहे' असं हिरवं दिसतं म्हणून निर्धास्त राहिलेले आणि आत फक्त वॉलपेपर सापडलेले लोक मी बघितलेत.

आ डिस्कसाठी फाइल हिस्टरी नको, तिला दर वेळी डिस्क बदललेली आवडत नाही. तिथे फ्रीफाइलसिंक हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'अपडेट' निवडा, 'मिरर' नको. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते इकडूनही काढून टाकणं. बदललेल्या फाइलची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवायची सोय त्यात आहे, ती चालू करा. आणि आ घरी आली असेल त्या दिवशी अ कपाटातच. दोन्ही एकदम मशीनला जोडायच्या नाहीत, कितीही घाई असली तरी.

सी ड्राइव्ह: दुसऱ्या कुणाला मी म्हटलं असतं की विंडोज काय, परत टाकता येतं. तुमचं पेजमेकर २००१ च्या आवृत्तीचं असणार, त्यानंतर ते निघालंच नाही. त्याची सीडी, सिरीयल नंबर, फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याच्या लॉकचा (जो यूएसबीत लावल्याशिवाय ते चालत नाही) ड्रायव्हर, हे सगळं आज पहिल्यापासून बसवायचं झालं तर? म्हणून सी ड्राइव्हची अख्खी इमेज काढा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरांसकट जशीच्या तशी प्रत. वीम एजंट या बॅकअपच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती त्याला पुरते. ज्यावरून मशीन सुरू करता येईल असा रिकव्हरी पेन ड्राइव्ह ती बनवून देते (हा एवढा पेन ड्राइव्ह चालेल). इमेज रोज लागत नाही. काही नवीन बसवलं की काढायची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढेमागे ११ वर जाणार असाल तर त्याच्या आदल्या दिवशी मात्र नक्की.

आता डिस्क घेण्याआधीच एक करा. तुमच्या सध्याच्या बॅकअपमधलं एक जुनं पुस्तक घ्या आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडा. काय दिसतं ते इथे लिहा.

मात्रावेलांटी

काका, मुलगी पुण्याहून आली होती, तिच्या लॅपटॉपवर पेजमेकर टाकून बघितलं.

पुस्तक उघडलं. म्हणजे पानं उघडली. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. फॉन्टच नाही तिथे. फॉन्ट टाकल्यावर अक्षरं आली, पण चित्रं धुरकट, आणि पेजमेकर एकेक चित्राचं नाव घेऊन विचारतोय, ही फाइल कुठे आहे? चित्रं डी ड्राइव्हवर दुसऱ्याच फोल्डरमध्ये होती. मी बॅकअप घेत होते तो पुस्तकाच्या फोल्डरचा.

कानामात्रा

ताई, मी कोल्हापुरात याच लाइनमध्ये आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो.

पेजमेकर मोठं चित्र सहसा पोटात घेत नाही, फक्त ते कुठे आहे ते लिहून ठेवतो आणि स्क्रीनपुरती बारीक प्रत दाखवतो. छापायला मूळ चित्र लागतं. काम संपलं की 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जायचं, तिथे खाली लिंक केलेल्या सगळ्या फाइली कॉपी करण्याचा पर्याय आहे. तो निवडून नव्या फोल्डरात सेव्ह केलं की पुस्तक आणि चित्रं एका जागी येतात. इनडिझाइन या पेजमेकरनंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये याला 'पॅकेज' म्हणतात, ते फॉन्टही गोळा करतं. पेजमेकरवाल्यांनी फॉन्ट हातानं टाकायचे. मी प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात 'फॉन्ट' नावाचं फोल्डर ठेवतो. नॉन-युनिकोड फॉन्टचं असं आहे की फाइलमध्ये खरी मराठी नसतेच, इंग्रजीच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. त्यामुळे नुसत्या त्याच नावाच्या फॉन्टनं भागत नाही, त्याच कंपनीचा, त्याच आवृत्तीचा लागतो. दोन आवृत्त्यांमध्ये एखादं जोडाक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं आणि ते प्रूफात दिसत नाही, छापल्यावर दिसतं.

शिवाय शेवटची छापलेली प्रत पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत घालून. तिच्यातला मजकूर कॉपी केलात तर कचराच येईल, पण उद्या पेजमेकर, लॉक, सगळं गेलं तरी पुस्तक जसंच्या तसं छापता येईल. निम्म्या वेळा प्रकाशकाला तेवढंच हवं असतं.

इनडिझाइनमध्ये नेऊ म्हणत असाल तर सीएस६ पर्यंतच्याच आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतात. त्यानंतरच्या सीसी उघडत नाहीत. जुना सीएस६ कुणाकडे चालू असेल तर त्याच्याशी संबंध गोड ठेवा.

आणि लॉक! त्याची कॉपी होत नाही. पाण्याची खबर आली की डिस्कच्या आधी तो यूएसबी लॉक उपसून खिशात.

टिंबटिंब

कानामात्रा, हे सगळं डोक्यावरून गेलं, पण वाचनखूण साठवली. काका, नॅस ठेवतो, पण या रविवारी एक सुटी डिस्क आणतो.

मात्रावेलांटी

कानामात्रा, देव तुमचं भलं करो. 'सेव्ह अ‍ॅज' मधली ती ओळ रोज बघत होते, कधी वाचली नव्हती. जुनी पुस्तकं आता एकेक करून गोळा करायला घेतली आहेत. आधी ज्यांच्या आवृत्त्या परत निघतात ती, बाकीची सवडीनं. स्मरणिकांना पीडीएफ पुरे, त्या परत कुणी मागत नाही.

डिस्क आणल्या, अ आणि आ लिहून झालं. आता शेवटची शंका. विट्याला डिस्क एसटीतून जाणार. तिच्यात लेखकांची अजून न छापलेली पुस्तकंही आहेत. बहिणीच्या घरची मुलं ती टीव्हीला लावून बघणार नाहीत याचीही खात्री नाही. पासवर्ड टाकता येतो का?

डे-एंड

येतो. तुमचं विंडोज प्रो असेल तर डिस्कवर राइट क्लिक करून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं पासवर्डचं कुलूप, लावा. होम असेल तर तिथे नवीन कुलूप घालता येत नाही, प्रोवर घातलेलं उघडता मात्र येतं. मुलीच्या लॅपटॉपवर प्रो आहे का बघा, तिथे एकदा लावून घेतलंत तरी चालेल. डेटा भरण्याआधी लावा, रिकाम्या डिस्कला पटकन होतं.

लावताना ती ४८ आकडी रिकव्हरी की देते. पासवर्ड विसरला आणि की हरवली तर ती डिस्क तुम्हालाही उघडणार नाही, आम्हालाही नाही. की छापून घ्या. एक कागद घरी पासबुकांबरोबर, एक मुलीकडे पुण्याला. मशीनमध्येच सेव्ह करून ठेवू नका आणि डिस्कच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका.

मुलांसाठी: टीव्हीला लावली तर टीव्ही बहुतेक फॉरमॅट करू का विचारेल. बहिणीला सांगून ठेवा.